पडद्याची रुंदी ही पात्रतेची अट नव्हे

एखाद्या शासकीय योजनेचा लाभ कोणाला मिळावा हे कायद्याने, नियमाने किंवा शासन निर्णयाने ठरते. वय, उत्पन्न, रहिवास, जमिनीचे क्षेत्र, शिक्षण अशा अटी लिहून काढलेल्या असतात. त्या लिखित असल्यामुळे त्यांवर हरकत घेता येते, सभागृहात प्रश्न विचारता येतो, न्यायालयात दाद मागता येते. परंतु शासकीय सेवा संगणकाच्या पडद्यावर येऊ लागल्यापासून देशभरच्या प्रशासनात एक अशी अट शिरली आहे की जी कोणत्याही राजपत्रात सापडणार नाही. अर्जदाराजवळ मोठ्या पडद्याचा संगणक असावा, त्याला माऊस जोडलेला असावा आणि त्यात अमुकच ब्राउझर असावा, अशी ती अट. ती कोणत्याही मंत्रिमंडळाने मंजूर केलेली नाही. संकेतस्थळ बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या टेबलावर ती जन्माला येते आणि खात्याचा अधिकारी देयकावर सही करतो त्या क्षणी तिला मान्यता मिळते.

माझे म्हणणे सरळ आहे. शासनाचे जे पान ठरावीक उपकरणावरच नीट चालते, ते ओबडधोबड काम म्हणून सोडून देता येणार नाही. नागरिकाच्या हक्कावर घातलेले ते बेकायदेशीर बंधन आहे आणि त्याची गणना तशीच झाली पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या २०२४ च्या अहवालांप्रमाणे देशातील दर १०० इंटरनेट जोडण्यांपैकी ५ हूनही कमी जोडण्या तारेने घरात वा कार्यालयात येतात. बाकीच्या बिनतारी, म्हणजे बहुतांशी मोबाइलवरच्या. हे फोनही एका मापाचे नाहीत. २०१७ साली आलेल्या जिओफोनला २.४ इंचांचा पडदा होता आणि तो स्पर्शाने चालत नव्हता, कळांनी चालत होता. आज हातोहाती दिसणाऱ्या स्मार्टफोनचा पडदा सहा इंचांच्या पुढे गेला आहे. तलाठ्याजवळ लॅपटॉप आहे, सेवा केंद्रात जुना डेस्कटॉप आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात भिंतीएवढा पडदा आहे, आणि दृष्टिहीन नागरिकाला पडदाच नको, त्याला मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली हवी आहे. हे सर्वजण एकाच वेळी, एकाच पत्त्यावर येणार आहेत. शासनाला ग्राहक निवडण्याची मुभा नाही. व्यापारी म्हणू शकतो की मला महागडे फोन वापरणारेच गिऱ्हाईक हवे; रेशनकार्ड देणारे खाते तसे म्हणू शकत नाही.

आता या सर्वांपुढे आपण काय ठेवतो ते पाहू. परिपत्रक ए-४ कागदावर टंकित होते, त्यावर सही-शिक्का होतो, कागद स्कॅन होतो आणि पीडीएफ करून संकेतस्थळावर चढवला जातो. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. सर्वसाधारण स्मार्टफोनच्या पडद्याची रुंदी ७० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कागदाच्या एक तृतीयांश. कागदावर १२ पॉइंटचे असलेले अक्षर फोनवर ४ पॉइंटचे होते. ते वाचायचे तर बोटांनी मोठे करावे लागते, आणि मोठे केले की प्रत्येक ओळीसाठी कागद डावीकडून उजवीकडे व पुन्हा डावीकडे ओढावा लागतो. वीस पानांचा शासन निर्णय अशा रीतीने कोण वाचेल? शिवाय स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे ही अक्षरे राहतच नाहीत, ते चित्र होते. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीनाची वाचकप्रणाली त्यापुढे मुकी होते.

वेबपानांची कथा वेगळी नाही. पान बनवणाऱ्याने फोनसाठी रुंदीची एका ओळीची सूचना लिहिली नसेल, तर फोनवरचे प्रचलित ब्राउझर ते पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून चालतात आणि ते आक्रसून ३६० पिक्सेलच्या पडद्यात कोंबतात. पुन्हा अक्षर एक तृतीयांश. मेनू असा की माऊसचा बाण वर नेला तरच उघडतो. बोटाला असा तरंगता बाण नसतो. तक्ता चौदा रकान्यांचा, आणि 'अर्ज करा' हे बटण चौदाव्या रकान्यात, पडद्याच्या बाहेर. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळींची उंची ठरवलेली असते म्हणून देवनागरीतील वेलांट्या व उकार कापले जातात. 'सबमिट' या शब्दापुरते बेतलेल्या बटणात 'अर्ज सादर करा' मावत नाही. तमिळ किंवा मल्याळम लांब शब्दांची अवस्था तर याहून बिकट. एका भाषेच्या व एका पडद्याच्या मापाने शिवलेला अंगरखा सगळ्या देशाला घालायला निघाल्यावर दुसरे काय होणार?

येथे कोणी म्हणेल की तंत्रज्ञान नवे आहे, थोडा वेळ द्या. हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण तंत्रज्ञान नवे नाही. १९९१ साली सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातले पहिले वेबपान लोकांपुढे ठेवले तेव्हा त्यात पानाची रुंदी लिहिलेलीच नव्हती. खिडकी जेवढी, तेवढे पान. पाण्याला जसा भांड्याचा आकार. रुंदी ठरवून देण्याची सवय नंतर छापील कागदावरून आली. आपल्या शासकीय संकेतस्थळांच्या तळाशी अनेक वर्षे एक वाक्य असे: हे संकेतस्थळ १०२४ बाय ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर व इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल. पडदे बदलले, ते माप इतिहासजमा झाले. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी काढून घेतला. ब्राउझरमध्ये जावाचे जोडसाधन बसवून डिजिटल स्वाक्षरी करण्याची पद्धत होती. क्रोमने २०१५ सालीच अशा जोडसाधनांना दार बंद केले होते. उपकरणाला बांधलेले पान उपकरणाबरोबर मरते, आणि प्रत्येक मरणानंतर नवी निविदा निघते. म्हणजे हा प्रश्न नागरिकांच्या सोयीइतकाच सार्वजनिक पैशाचाही आहे.

लवचिक पानाची रीत तर पंधरा वर्षांहून जुनी आहे. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी 'ए लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात ती मांडली. तिचे घटक तीनच. पानावरील स्तंभांची मापे पिक्सेलमध्ये न देता प्रमाणात द्यायची. चित्रे आपल्या चौकटीबाहेर जाणार नाहीत अशी लवचिक ठेवायची. आणि पडद्याची रुंदी किती आहे हे ब्राउझरलाच विचारून त्याप्रमाणे मांडणी बदलायची. रुंद पडद्यावर तीन स्तंभ शेजारी शेजारी, अरुंद पडद्यावर तेच एकाखाली एक. हा तिसरा घटक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने जून २०१२ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून स्वीकारला. त्यासाठी परवाना शुल्क लागत नाही, खास यंत्रे लागत नाहीत. पान एकच, पत्ता एकच, मजकूर एकच. फक्त मांडणी वाहती.

मग अडते कोठे? माझ्या सेवाकाळात मी संकेतस्थळांची अनेक सादरीकरणे पाहिली आहेत. ती सभागृहात होतात. प्रोजेक्टरवर आठ फुटी चित्र पडते, वातानुकूलित खोलीत जोडणी वेगवान असते, कंत्राटदाराचा माणूस आधीच भरून ठेवलेला अर्ज दोन मिनिटांत सादर करून दाखवतो. चर्चा होते ती मुखपृष्ठावरच्या छायाचित्रांच्या क्रमाची आणि बोधचिन्ह डावीकडे असावे की उजवीकडे, याची. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, पण तो बाहेर काढून, वायफाय बंद करून, कोणी त्यावर अर्ज भरून पाहत नाही. जे पान लाखो लोक तळहातावर पाहणार आहेत ते भिंतीवर पाहून मंजूर होते. दोष तंत्रज्ञांचा नाही. आपण परीक्षाच चुकीच्या वर्गात घेतो.

तळहातावर पाहिले असते तर पडद्याच्या रुंदीपलीकडचेही प्रश्न दिसले असते. ओटीपीचेच पाहा. संगणकावर अर्ज भरणाऱ्याला ओटीपी फोनवर येतो, तो तेथे वाचून येथे लिहितो. फोनवरच अर्ज भरणाऱ्याला मात्र पान सोडून संदेशांकडे जावे लागते. कमी स्मृतीच्या स्वस्त फोनमध्ये तेवढ्यात ब्राउझर मागे ढकलला जातो, आणि परत यावे तो पान नव्याने उघडते व भरलेला सगळा अर्ज कोरा होतो. छायाचित्राचे तसेच. सूचना असते की छायाचित्र २० ते ५० केबी या मर्यादेतच असावे. फोनचा कॅमेरा काढतो ते छायाचित्र काही एमबीचे. ते लहान करण्याचे काम शासनाच्या सर्व्हरने क्षणार्धात करावे असे आहे. आपण ते शेतमजुराच्या मुलीवर सोपवतो. तिला ते जमत नाही. मग ती बाजारपेठेच्या गावी जाते, एका दुकानात पैसे मोजते, आणि आपले आधार क्रमांक, बँक खाते व ओटीपी अनोळखी माणसाच्या हवाली करून येते. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. शुल्क शून्य असलेल्या सेवेची ही खरी किंमत आहे, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

यावर दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर सेवा केंद्रांचे. २००६ साली राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेखाली एक लाख सामाईक सेवा केंद्रांचा संकल्प झाला आणि ती केंद्रे आज खेड्यापाड्यांत उपयोगी पडत आहेत, याबद्दल दुमत नाही. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याजवळ फोन नाही, त्याला मदतीचा हात हवाच. पण ज्याला स्वतः करता येईल, त्यालाही पान चालत नाही म्हणून केंद्रात यावे लागले, तर मदतकेंद्राचा टोलनाका होतो. आणि टोलनाका एकदा बसला की पान दुरुस्त करण्याची घाई कोणालाच राहत नाही.

दुसरे उत्तर ॲपचे. प्रत्येक खात्याला आपले ॲप हवे असते, कारण ॲपचे उद्घाटन करता येते. दुरुस्त केलेल्या वेबपानाचे उद्घाटन होत नाही. ॲप उतरवून घ्यावे लागते, फोनमध्ये जागा लागते, वारंवार अद्ययावत करावे लागते, आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या दाखल्यासाठी कोणी ते कायम बाळगत नाही. वेबपानाचा पत्ता व्हॉट्सॲपवरून शेजाऱ्याला पाठवला की काम झाले. २०१७ साली उमंग हे एकत्रित ॲप आले ते या सुट्या सुट्या ॲपांच्या गर्दीवर उपाय म्हणूनच योग्य होते. जेथे जोडणी नाही अशा वस्तीत जाऊन नोंदी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला ॲप अवश्य द्यावे. पण नागरिकासाठी पहिले दार हे वेबपानच असले पाहिजे. ॲप हे दुसरे दार. फोनसाठी वेगळे संकेतस्थळ काढणे हाही उपाय नव्हे, कारण दोन संकेतस्थळे झाली की एकावरची अंतिम तारीख बदलते आणि दुसऱ्यावरची तशीच राहते.

उलट टोकाबद्दलही सावध राहिले पाहिजे. सगळे फोनवरच आहेत असे समजून फोनपुरतेच पान करणे ही तीच चूक दुसऱ्या दिशेने. दिवसाला शंभर अर्ज तपासणाऱ्या अव्वल कारकुनाला मोठा पडदा आणि कळफलकच हवा. शिवाय एकच अर्ज अनेक उपकरणांवरून प्रवास करतो: बाप फोनवर सुरुवात करतो, मुलगा शहरातल्या लॅपटॉपवर कागदपत्रे जोडतो, मंडळ अधिकारी टॅबवर स्थळपाहणी नोंदवतो, तहसीलदार डेस्कटॉपवर आदेश काढतात. म्हणून अर्धवट अर्ज उपकरणात अडकून न राहता सर्व्हरवर, अर्ज क्रमांकासह, सुरक्षित राहिला पाहिजे.

आता कायद्याकडे येतो. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४(४) सांगते की स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या स्थानिक क्षेत्रातील संपर्काचे सर्वांत परिणामकारक साधन विचारात घ्यावे व ती सहज मिळण्याजोगी असावी. आज भारतातल्या बहुतेक तालुक्यांत ते साधन मोबाइल फोन आहे, हे सिद्ध करण्यास साक्षीदाराची गरज नाही. मग फोनवर न वाचता येणारी स्कॅन प्रत चढवून कलम ४ चे पालन झाले असे खाते कसे म्हणू शकते? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्येही इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम असण्याची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

हे तत्त्व किती जीवनमरणाचे असू शकते ते २०२१ साली देशाने पाहिले. १८ ते ४४ वयोगटाच्या लसीकरणासाठी कोविनवर ऑनलाइन नोंदणी अनिवार्य होती. ज्याच्याजवळ वेगवान जोडणी व पडद्यासमोर बसून राहण्याची सवड होती त्याला वेळ मिळाली. ज्यांना संगणकाची भाषा येत होती त्यांनी रिकाम्या जागा हेरणारे प्रोग्राम लिहिले. मे २०२१ अखेरच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले, आणि केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभाही खुली करावी लागली. पडदा हेच एकमेव दार झाले की उपकरण हीच पात्रता होते, हा त्याचा धडा.

मार्गदर्शक तत्त्वांचा तुटवडा आपल्याकडे नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची तत्त्वे २००९ साली प्रथम आली, तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. एनआयसीने जिल्ह्यांसाठी तयार साचे दिले आहेत आणि ते फोनवर बरे चालतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या सर्व संकेतस्थळांना एकसारखे रूप देणारी नियमपुस्तिकाही प्रसिद्ध झाली. एकसारखे रंग व चिन्हे यांनी खरे संकेतस्थळ ओळखू येते, म्हणून मी तिचे स्वागत करतो. परंतु रूप सारखे झाले म्हणजे काम सारखे झाले असे नव्हे. मुखपृष्ठ लवचिक असते आणि अर्जाचे तिसरे पान पुन्हा ९८० पिक्सेलचे निघते.

म्हणून तत्त्वांपेक्षा निविदेतील अटी व देयकाचे टप्पे बदलावेत. माझ्या मते पुढील पाच अटी पुरेशा आहेत.

१. ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर प्रत्येक पान आडवे न सरकवता वाचता व भरता यावे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या २०१८ च्या सुगम्यता निकषांत हे माप दिलेलेच आहे. नकाशे व मोठे तक्ते यांना तेथे सवलत आहे, अर्जांना नाही.

२. अर्ज प्रत्येक पायरीवर सर्व्हरवर जतन व्हावा आणि कोणत्याही उपकरणावरून पुढे चालू करता यावा.

३. छायाचित्रे व कागदपत्रे फोनमधून निघतील तशी स्वीकारावीत. आकार लहान करणे हे प्रणालीचे काम.

४. प्रत्येक आदेश युनिकोडमधील मजकूर म्हणून पानावर असावा. सहीची पीडीएफ प्रत त्याला जोडावी, त्याच्या जागी ठेवू नये.

५. स्वीकृती चाचणी सभागृहात न घेता तालुक्याच्या गावी, मोबाइल डेटावर, स्वस्त फोनवर, प्रत्यक्ष अर्जदारांकडून घ्यावी, आणि ती उत्तीर्ण होईपर्यंत अंतिम देयक रोखून धरावे.

पहिल्या चार अटी तंत्रज्ञ पाळतील, पण पाचवी आपण पाळली तरच. ज्या अधिकाऱ्यापुढे संकेतस्थळाचे देयक सहीसाठी येईल त्याने त्या दिवशी कार्यालयातला सर्वांत स्वस्त फोन मागून घ्यावा आणि आपल्याच खात्याचा अर्ज पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत स्वतः भरावा. पावती हाती आली तर सही करावी. नाही आली, तर ज्या अटीवर अर्ज अडला ती अट कोणत्या नियमाखाली घातली आहे, असा लेखी प्रश्न त्याच नस्तीवर टिपून नस्ती परत पाठवावी.